मोठ्या फूड-बेव्हरेज कंपनीचा इंटरव्ह्यू: पॅनल नक्की काय बघतं

प्रश्न आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. परभणीहून फूड टेक्नॉलॉजीत बी.टेक. झालंय, एका मोठ्या फूड-बेव्हरेज कंपनीच्या पुण्याजवळच्या प्लांटमधून शिफ्ट क्वालिटी ऑफिसरसाठी इंटरव्ह्यूचा कॉल आलाय, इन-प्लांट ट्रेनिंग सोडलं तर अनुभव शून्य, बारावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळे इंग्रजीची धाकधूक, तर आत काय विचारतात आणि काय वाचून जाऊ.

मी कोल्डड्रिंकच्या बॉटलिंगमध्ये सुरुवात केली, नंतर चिप्स, आता बिस्किटं. काम कायम क्वालिटीचं आणि गेली बरीच वर्षं पॅनलवर बसते. तर सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. पॅनलला तुझ्याकडून व्याख्या नको असतात. आमच्या मनात एकच प्रश्न चालू असतो, की रात्री तीन वाजता, मॅनेजर घरी झोपलेला, लाइन फुल स्पीडने चाललीय, ट्रक डॉकला उभा आहे आणि अशात एक रीडिंग चुकीचं आलं, तर हा पोरगा लाइन थांबवेल का? की रजिस्टरमध्ये खोटाच "बरोबर" आकडा लिहून पुढे जाईल? टेक्निकल राउंडमधला जवळजवळ प्रत्येक प्रश्न फिरून फिरून इथेच येतो. हे कळलं की तयारी कशी करायची ते आपोआप कळतं.

प्रोसेस साधारण सगळीकडे सारखीच. आधी एचआरचा फोन, काही ठिकाणी ऑनलाइन अ‍ॅप्टिट्यूड, मग टेक्निकल, मग प्लांट हेड किंवा क्वालिटी हेडबरोबर बोलणं, शेवटी पगाराचं आणि मेडिकल. कॅम्पस असेल तर मध्ये ग्रुप डिस्कशन. अ‍ॅप्टिट्यूडला फार घाबरू नकोस, टक्केवारी, गुणोत्तर, सरासरी एवढं हातात असलं की निघतं.

आता कंपनीबद्दल. "आमच्याबद्दल काय माहितीये" हा प्रश्न येतोच आणि नव्वद टक्के मुलं वेबसाइटवरचं व्हिजन-मिशन म्हणून दाखवतात. त्याचा काही उपयोग नाही. आपण ज्या कंपनीत चाललोय ती नक्की करते काय एवढं नीट समजून जा. कोल्डड्रिंकमध्ये हे फार महत्त्वाचं आहे, कारण ब्रँड एकाचा आणि बाटली भरणारा दुसरा असतो. पेप्सी भारतात बऱ्याच ठिकाणी वरुण बेव्हरेजेस भरते, कोका-कोलाचं मोठं बॉटलिंग हिंदुस्तान कोका-कोला बेव्हरेजेस करते आणि बाकी भागांत फ्रँचायझी बॉटलर आहेत. ब्रँडची मालक कंपनी कन्सेंट्रेट (चवीचा मूळ अर्क) देते, ते सीलबंद येतं आणि बॉटलरचं काम म्हणजे पाणी, साखर, गॅस, बाटली आणि स्वच्छता. आता अशा बॉटलिंग प्लांटच्या इंटरव्ह्यूला येऊन एखादा म्हणाला की "मला इथे नवीन फ्लेवर डेव्हलप करायचेत", तर समोरच्याला तिथेच कळतं की याने काही बघितलेलं नाही. थम्स अप भारतीय ब्रँड होता, 1977 मध्ये पार्लेवाल्या चौहानांनी आणला आणि 1993 मध्ये कोका-कोलाकडे गेला, इतपत इतिहास माहीत असला तर छान, पण तो पाठ करण्यापेक्षा तुझ्या प्लांटमध्ये काय बनतं ते शोध. रांजणगावात पेप्सिकोचे स्नॅक्स होतात, ब्रिटानियाची बिस्किटं होतात, तळेगावजवळ इंदुरीला कॅडबरीची चॉकलेटं, गोव्यात फोंडा आणि डिचोलीला नेस्लेचे कारखाने. प्रत्येक ठिकाणची दुखणी वेगळी. चिप्सवाल्यांना तेल आणि बटाटा छळतो, बिस्किटवाल्यांना ओलावा आणि ओव्हन, चॉकलेटवाल्यांना तापमान आणि कीड, कोल्डड्रिंकवाल्यांना पाणी आणि गॅस. तुझ्या प्लांटचं दुखणं काय असेल याचा आधी घरी बसून विचार करून गेलास तर तू निम्म्या लोकांच्या पुढे आहेस.

टेक्निकल राउंडची सुरुवात बहुतेक "प्रोसेस फ्लो सांगा"ने होते. कागद-पेन मागून घे आणि काढून दाखव, बोलण्यापेक्षा काढणं सोपं जातं आणि इंग्रजीचं टेन्शनही कमी होतं. कोल्डड्रिंक असेल तर ट्रीटेड वॉटर, साखर विरघळवून सिंपल सिरप, कार्बनने रंग-वास काढून फिल्टर, त्यात कन्सेंट्रेट मिसळून फायनल सिरप, मग ब्लेंडरमध्ये पाणी, चिलिंग, कार्बोनेशन, फिलर, कॅपर, कोडिंग, पॅकिंग. बाजूने प्रीफॉर्म (प्लॅस्टिकची छोटी जाड नळी) फुगवून बाटली तयार होऊन येते तीही लाइन दाखव, बरेच जण ती विसरतात. आणि फ्लो काढताना प्रत्येक टप्प्यावर काय चेक करतात ते छोट्या अक्षरात लिहीत गेलास तर पॅनलवरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून बसतो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मग येतो खरा प्रश्न. माझा आवडता असा आहे: टार्गेट ब्रिक्स समजा 10.8, तू फिलरवरून सॅम्पल घेतलंस आणि आलं 10.2, काय करशील? (ब्रिक्स म्हणजे ढोबळमानाने 100 ग्रॅममध्ये किती ग्रॅम साखर, हे तुला माहीतच असेल.) निम्मी मुलं म्हणतात साखर वाढवू. अरे पण भरलेल्या बाटल्यांचं काय? त्या पुढे निघून गेल्यात, पॅक झाल्यात, पॅलेटवर चढल्यात. चांगलं उत्तर क्रमाने जातं. आधी रीडिंग खरं आहे का ते बघ, सॅम्पलमधला गॅस पूर्ण काढला होता का, तापमान बरोबर होतं का, मीटरचं झीरो डिस्टिल्ड वॉटरवर तपासलं होतं का. लगेच दुसरं सॅम्पल घे. तेही 10.2 आलं तर लाइन थांबवायला सांग आणि शेवटचं ओके रीडिंग कधीचं होतं ते रजिस्टरमध्ये बघून तिथपासून आत्तापर्यंतचा सगळा माल होल्ड कर, म्हणजे अडवून बाजूला ठेव. इथे आकडा सांगता आला तर बहारच. लाइन मिनिटाला 600 बाटल्यांची आणि चेक दर अर्ध्या तासाला असेल तर 18,000 बाटल्या होल्डला जातात. हा आकडा तोंडातून निघाला की समोरच्याला कळतं की याला निर्णयाचं वजन माहितीये. त्यानंतर कारण शोधायचं, ब्लेंडरचं प्रमाण सरकलंय का, सिरपचंच ब्रिक्स कमी आहे का, चेंजओव्हरनंतर (एक प्रॉडक्ट संपवून दुसरं घेताना) लाइनमधलं पाणी पूर्ण निघायच्या आधी भरायला घेतलं का. दुरुस्ती, परत चेक, ओके आल्यावर सुरू आणि सगळं लिहून ठेवायचं. होल्डवरच्या मालाचं पुढे काय करायचं हा निर्णय तू एकट्याने घ्यायचा नसतो, तेही सांग.

याच जातीचा दुसरा प्रश्न मेटल डिटेक्टरचा. बिस्किट, चिप्स, चॉकलेट कुठेही जा, हा येणारच. दर तासाला तीन टेस्ट पीस फिरवतात, लोखंड, नॉन-फेरस (पितळेसारखा लोखंड नसलेला धातू) आणि स्टेनलेस स्टील. दोन वाजता सगळे पकडले गेले, तीन वाजता स्टीलचा पीस सरळ निघून गेला, रिजेक्ट झालाच नाही. काय करशील? "सेन्सिटिव्हिटी वाढवेन" हे अर्धवट उत्तर आहे. दोन ते तीनमधला एकूण एक पॅक होल्ड, डिटेक्टर दुरुस्त करून किंवा दुसऱ्या चालू डिटेक्टरवरून तो सगळा माल पुन्हा काढायचा, मगच सोडायचा. याच्यावर पॅनल अजून खोदतं. स्टील पकडायला सगळ्यात अवघड का? कारण ते चुंबकाला फारसं दाद देत नाही आणि वीजही कमी वाहून नेते. पीस पॅकच्या कुठल्या भागात ठेवतात? डिटेक्टरच्या तोंडाच्या मधोमध सिग्नल सगळ्यात कमजोर असतो, म्हणून पीस तिथून जाईल असा ठेवायचा. रिजेक्टच्या पेटीला कुलूप का असतं, किल्ली कोणाकडे? कारण रिजेक्ट झालेला पॅक कोणीतरी सहज उचलून परत बेल्टवर ठेवू शकतो. हे शेवटचं पुस्तकात मिळत नाही, ट्रेनिंगला डोळे उघडे ठेवले असतील तरच सांगता येतं.

हॅसपबद्दल (HACCP, अन्नातले धोके आधीच ओळखून आवरायची पद्धत) विचारतीलच. सात तत्त्वं पाठ असू दे, पण सीसीपी (जिथे चूक चालतच नाही असा नियंत्रणाचा टप्पा) आणि ओपीआरपी (धोका कमी ठेवणारी रोजची नियंत्रणं) यांमधला फरक तुझ्या शब्दांत सांगता आला पाहिजे, आणि तोही तुझ्या प्रॉडक्टचं उदाहरण घेऊन. एक प्रश्न मी नेहमी विचारते, कोला पाश्चराइज का करत नाहीत आणि आंब्याचं पेय का करावं लागतं? कोलाचा पीएच अडीचच्या आसपास, वरून गॅस, त्यात रोग पसरवणारे जंतू वाढू शकत नाहीत. आंब्याच्या पेयात फळाचा गर आहे, गॅस नाही, त्यात यीस्ट-बुरशीची चंगळ होते, म्हणून ते गरम करून गरमच भरतात किंवा असेप्टिक (निर्जंतुक) लाइनवर भरतात. इथे 4.6 हा पीएचचा आकडा सांगता आला पाहिजे, त्याच्या वर गेलं की बॉट्युलिनम या विषारी जंतूची भीती सुरू होते आणि सगळा खेळ बदलतो. दुधाच्या पाश्चरायझेशनचं 72 अंश 15 सेकंद तर तुला झोपेतही येत असेल, पण फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह (कमी तापलेलं दूध पुढे न सोडता परत मागे वळवणारा) काय करतो तेही सांग, कारण 71 अंश झाल्यावर दूध कुठे जातं हाच त्यातला मुद्दा आहे.

सीआयपीवरही (मशीन न उघडता पाइप-टाक्या आतून धुण्याची पद्धत) प्रश्न येतो आणि तिथेही "कॉस्टिक सोड्याने धुतात" एवढ्यावर थांबू नको. वेळ, तापमान, केमिकलची तीव्रता आणि पाण्याचा वेग, चारही पाहिजेत, एक कमी केलं तर बाकीचं वाढवावं लागतं. पाइपमध्ये वेग साधारण सेकंदाला दीड मीटर तरी लागतो, नाहीतर पाणी नुसतं वाहतं, घासत नाही. आणि शेवटच्या धुण्याच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाकल्यावर गुलाबी झालं तर? कॉस्टिक राहिलंय, लाइन सुरू करायची नाही. बघ, परत तिथेच आलो.

चिप्सच्या प्लांटला जाणार असशील तर बटाट्यावर बोलायची तयारी ठेव. चिप्स काळपट का येतात, तर बटाट्यात रिड्यूसिंग शुगर (ग्लुकोजसारखी साधी साखर) वाढली म्हणून, आणि ती वाढते कारण बटाटा फार थंडीत ठेवला. भाजीचा बटाटा 2-4 अंशांत ठेवतात, चिप्सचा मात्र 10-12 च्या आसपास. तेलाचं टोटल पोलर कंपाउंड (तेल पुन्हा पुन्हा तापवून तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, हा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) नियम 1 जुलै 2018 पासून लागू आहे. हा आकडा माहीत नसला तर पॅनल नाराज होतं, कारण तो रोजच्या कामाचा आहे.

प्रॉडक्शनकडच्या मुलांना ओईई (लाइन क्षमतेच्या किती टक्के चांगला माल काढते ते) हमखास विचारतात, आणि क्वालिटीवाल्यांनाही आजकाल विचारायला लागलेत. सूत्र सगळ्यांना येतं, गणित कागदावर करता येत नाही. एक करून दाखवते. शिफ्ट 480 मिनिटं, जेवण आणि ठरलेले थांबे 30, उरली 450. ब्रेकडाउन 45 मिनिटं, म्हणजे लाइन चालली 405, अ‍ॅव्हेलेबिलिटी 90 टक्के. मिनिटाला 600 च्या स्पीडने 2,43,000 बाटल्या व्हायला हव्या होत्या, झाल्या 2,18,700, परफॉर्मन्स 90 टक्के. त्यातल्या 2,187 रिजेक्ट, क्वालिटी 99 टक्के. तिन्हीचा गुणाकार 80.19 टक्के. हे दोन-तीन वेळा वेगळे आकडे घेऊन घरी कर, म्हणजे तिथे हात थरथरणार नाही. आणि पुढचा प्रश्न तयार ठेव, की यातलं सगळ्यात आधी काय सुधारशील आणि का.

वजनमापाचा कायदा मुलं वाचतच नाहीत. 500 मिलिच्या बाटलीत कायद्याने जास्तीत जास्त किती कमी भरलं तर चालतं? 3 टक्के, म्हणजे 15 मिलि. 250 मिलिला 9 मिलि. पण सरासरी मात्र लेबलवर लिहिलेल्यापेक्षा कमी चालत नाही, हे जोडूनच सांग, नाहीतर पॅनलला वाटेल की तू प्रत्येक बाटलीत 15 मिलि वाचवायला निघालायस. लेबलवर काय काय असावं लागतं तेही एकदा घरातला कुठलाही पुडा हातात घेऊन मोठ्याने वाच. 14 आकडी लायसन्स नंबर, बॅच, तारीख, हिरवी खूण, अ‍ॅलर्जनची ओळ. काजूचं बिस्किट संपवून त्याच लाइनवर साधं बिस्किट घ्यायचं असेल तर मध्ये काय काय करशील, या प्रश्नाचं उत्तर त्या अ‍ॅलर्जनच्या ओळीतच आहे.

मोठ्या रिकॉलबद्दल कधी कधी मत विचारतात. 2003 मध्ये महाराष्ट्रात चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या आणि नंतर कॅडबरीने पॅकिंग बदललं. 2015 मध्ये मॅगी बाजारातून काढावी लागली, मग ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने बंदी उठवली आणि नोव्हेंबरमध्ये ती परत आली. यावर कोण बरोबर कोण चूक असा निवाडा देत बसू नकोस. त्यातून प्लांटमधल्या माणसाने काय घ्यायचं ते बोल. पॅक कुठून फुटू शकतो, दुकानात माल कसा ठेवला जातो, लेबलवर केलेला दावा आपण सिद्ध करू शकतो का, एखाद्या बॅचचा माल कुठे कुठे गेलाय हे किती तासांत सांगता येईल. हा शेवटचा ट्रेसेबिलिटीचा मुद्दा काढलास तर गप्पा तिकडे वळतात आणि तिथे तुला बोलायला भरपूर आहे.

आता इन-प्लांट ट्रेनिंग. "अनुभव शून्य" असं तू लिहिलंस ते मला पटलेलं नाही. तुमच्याकडे ट्रेनिंग चांगलं महिनोन् महिने असतं आणि फ्रेशरच्या इंटरव्ह्यूत निम्मा वेळ त्याच्यावरच जातो. छोट्या युनिटमध्ये केलं म्हणून लाजायचं काही कारण नाही. एक मुलगी आली होती, तिचं ट्रेनिंग तालुक्याच्या दूध डेअरीत झालेलं, बाकीच्यांच्या सीव्हीवर मोठमोठी नावं. मी विचारलं रोज काय करायचीस. ती म्हणाली, सकाळी टँकर आला की आधी झाकण उघडून वास घ्यायचा, मग टेस्ट ट्यूबमध्ये दूध उकळून फाटतंय का बघायचं, फाटलं तर टँकर परत. एकदा उन्हाळ्यात सीओबी (हीच उकळून बघायची टेस्ट) पॉझिटिव्ह आला, म्हणजे दूध फाटलं, तर दूध संस्थेचा माणूस तिच्यावर ओरडायला लागला की गावात रात्रभर लाइट नव्हती, आम्ही काय करू, शेतकऱ्यांना पैसे कोण देणार. ती म्हणाली, मॅडम, मी त्यांच्यासमोरच दुसरं सॅम्पल घेतलं, त्यांच्याच हाताने उकळायला दिलं, ते फाटल्यावर ते गप्प झाले, मग मी सुपरवायझरना फोन केला. बस्स, आमच्या पॅनलवरच्या तिघांनीही एकमेकांकडे बघितलं. दुसरं सॅम्पल, समोरच्याच्या हाताने, मग वरिष्ठांना कळवणं. हे आम्ही लोकांना नोकरीत घेतल्यावर शिकवत बसतो आणि ती ते घेऊनच आली होती. तर तुझ्या ट्रेनिंगमधले असे दोन-तीन प्रसंग आठव आणि लिहून काढ. लाइनचा स्पीड, मशीन कुठल्या कंपनीचं, तू स्वतःच्या हाताने कुठल्या टेस्ट केल्यास, एकदा काय बिघडलं, तेव्हा कोण काय म्हणालं. प्रोजेक्टचं फक्त नाव सांगून भागत नाही. आणि सीव्हीवर जे लिहिशील त्यातल्या प्रत्येक ओळीवर पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे. एका दिवसाचा ऑनलाइन कोर्स करून "हॅसप सर्टिफाइड" लिहिलेलं आम्ही दोन प्रश्नांत ओळखतो, त्यापेक्षा सरळ "एक दिवसाचं अवेअरनेस ट्रेनिंग" असं लिही.

प्रेशरचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनेही येतो. "प्रॉडक्शन मॅनेजर म्हणाले, एवढं काही नाही रे, सोड, मी बघतो, तर?" यात पोरं दोन टोकांना जातात. एक म्हणतो सर सीनियर आहेत, सोडेन. दुसरा म्हणतो मी कोणाचं ऐकणार नाही. दोन्ही नकोत. होल्ड टॅग लावलेला माल सोडायचा अधिकार क्वालिटीकडे असतो, त्यामुळे तू शांतपणे सांगायचं की सर, मी होल्ड लावलाय, माझ्या मॅनेजरना आत्ता फोन करतो, त्यांनी लेखी रिलीज दिलं की लगेच सोडू, तोवर पुढची बॅच ओके आहे ती डिस्पॅचला घ्या. शेवटचं वाक्य विसरू नको. प्रॉडक्शनवाला काही शत्रू नसतो, त्यालाही ट्रक भरायचाय, त्याला पर्याय दिलास की भांडण निम्मं होतं.

इंग्रजीचं म्हणशील तर मला मनापासून सांगावंसं वाटतं, की यात पोरं उगाच खचतात. ओळख, शिक्षण, ट्रेनिंग एवढं इंग्रजीत नीट तयार करून जा, ते स्वच्छ बोल, आणि पुढे अडलं तर सरळ विचार की मी हे हिंदीत किंवा मराठीत सांगू का. आजवर मी तरी कोणाला नाही म्हटलेलं नाही. तुला ऑपरेटरशी, पॅकिंगच्या बायकांशी, कंत्राटी पोरांशी बोलायचंय, ते काय इंग्रजीत बोलणार आहेत का. पण रिपोर्ट आणि ईमेल इंग्रजीत लिहावे लागतात हे खरं आहे, काही ठिकाणी तिथल्या तिथे दहा ओळींचा डेव्हिएशन रिपोर्ट (काय चुकलं त्याचा अहवाल) लिहायला देतात. त्याची प्रॅक्टिस कर. काय झालं, कधी, किती माल, लगेच काय केलं, कारण काय, परत होऊ नये म्हणून काय. छोटी वाक्यं लिही, व्याकरण थोडं चुकलं तर कोणी काही म्हणत नाही.

प्लांट राउंड असेल तर तो इंटरव्ह्यूचाच भाग आहे, बऱ्याच वेळा तोच खरा इंटरव्ह्यू असतो. घड्याळ, अंगठी, हातातला दोरा, कडं आधीच काढून खिशात न ठेवता बॅगेत ठेव, नखं कापून जा, परफ्यूम मारू नको, पायात बंद बूट. आत जाताना हात धुवायचा बोर्ड असेल तर तो वाचून तसेच्या तसे धू, घाई करू नको, कारण आम्ही ते बघत असतो. हेअरनेट कानावरून खाली घ्यायचं. आत चालताना दाखवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहू नको, जमिनीकडे, छताकडे, ड्रेनकडे बघ. पॅलेट भिंतीला चिकटलेत का, पाण्याचा होज जमिनीवर लोळतोय का, उघड्या लाइनच्या वर गळतंय का. बाहेर आल्यावर हमखास विचारतात काय दिसलं. तेव्हा फक्त "खूप छान, हायजिनिक आहे" म्हणू नकोस. दोन चांगल्या गोष्टी सांग आणि एक खटकलेली सांग, आदराने सांग. लोक रागावत नाहीत, उलट आवडतं.

मुलींसाठी वेगळं लिहिते. रात्रपाळी जमेल का, लग्न कधी, लग्नानंतर काय, हे प्रश्न अजूनही काही ठिकाणी विचारतात. लग्नाचा प्रश्न विचारायलाच नको असं माझं स्पष्ट मत आहे आणि मी पॅनलवर असताना कोणी विचारला तर मी तिथेच थांबवते. तुला विचारला तर वाद न घालता "मी शिफ्टला तयार आहे, कामाबद्दल मी गंभीर आहे" एवढं बोलून विषय कामाकडे ने. आणि उलट विचार, की रात्री ने-आण करायला गाडी आहे का, रात्रीच्या शिफ्टला अजून किती बायका असतात, चेंजिंग रूम वेगळी आहे का. हा तुझा हक्क आहे, हे विचारल्याने कोणी नापास करत नाही, आणि करत असेल तर तिथे जायचंच नाही.

सेल्सचा इंटरव्ह्यू असणाऱ्यांना मी फार सांगू शकणार नाही, तो माझा प्रांत नव्हे. आमच्या सेल्सच्या मंडळींकडून ऐकते ते एवढंच, की आदल्या दिवशी आठ-दहा दुकानं फिरून ये, कुलरमध्ये आपला माल किती, दुसऱ्याचा किती, दुकानदाराची तक्रार काय, हे बघून आलेला मुलगा लगेच उठून दिसतो.

"तुम्हाला काही विचारायचंय का" म्हटल्यावर नाही म्हणू नको. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा, एका शिफ्टला क्वालिटीची किती माणसं असतात, कुठल्या लाइनवर टाकाल, असं काहीतरी कामाचं विचार. पगार पॅनलला विचारायचा नाही, तो एचआरला.

एचआरला मात्र नीट विचार आणि लाजू नको. सगळ्यात आधी, पेरोल कोणाचा? कंपनीचा, की थर्ड पार्टीचा, की अप्रेंटिस, की फिक्स्ड टर्म? गेटवर कंपनीचं नाव आणि ऑफर लेटरवर भलत्याच एजन्सीचं, असं झालेली पोरं माझ्याकडे येतात तेव्हा वाईट वाटतं. थर्ड पार्टीवर जाणं वाईटच असं नाही, फ्रेशरला शिकायला मिळतं, पण माहिती असून जा. सीटीसीमध्ये कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, व्हेरिएबल सगळं धरलेलं असतं, त्यामुळे "हातात किती" असंच विचार, शिवाय शिफ्ट अलाउन्स, बस, कँटीन. आणि रजिस्ट्रेशन फी, युनिफॉर्म डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे असं काही फोनवर मागितलं तर ती कंपनी नाहीच, फसवणूक आहे. मोठ्या कंपन्यांच्या नावाने असे फोन सर्रास येतात, लेटरहेडसुद्धा हुबेहूब बनवतात. ईमेलचा पत्ता कंपनीच्या डोमेनचा आहे का बघ आणि शंका आली तर प्लांटच्या गेटवर जाऊन विचार.

शेवटी मेडिकल. अन्न हाताळणाऱ्या माणसाची तपासणी कायद्यानेच लागते, जॉइन झाल्यावरही दरवर्षी होते. रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, डोळे, त्वचा बघतात, टायफॉइडच्या लसीचं विचारतात. रंग ओळखण्याची टेस्टही बऱ्याच ठिकाणी होते कारण टायट्रेशनचा रंग आणि होल्डचे टॅग डोळ्यांनीच ओळखायचे असतात. चष्मा असेल तर नवीन नंबरचा करून घे, कागदपत्रांच्या ओरिजिनलबरोबर दोन-दोन झेरॉक्स ठेव, आणि कसला ताप किंवा जुलाब चालू असतील तर लपवू नको, एचआरला फोन करून दोन दिवस पुढची तारीख माग, ती देतात.